व्यवसायजन्य आजारांची नोंद : एका संहितेचे वाचन

साहित्यसमीक्षेत 'संहिता' म्हणजे अभ्यासाचा मूळ पाठ. विधिव्यवहारात तोच शब्द कायद्याला लागतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या संहितेकडे पहिल्या अर्थाने पाहिले आहे.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८९ नुसार, तिसऱ्या अनुसूचीतील आजार कामगाराला झाला असेल, अथवा झाला असावा असे डॉक्टरांना वाटत असेल, तर त्यांनी मुख्य निरीक्षकांना विनाविलंब लेखी कळविणे बंधनकारक होते. मग तो कामगार नोकरीत असो वा नोकरी सोडलेला असो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेच्या कलम १२ नेही हीच रचना कायम ठेवली आहे. येथे 'वाटणे' हे क्रियापद निर्णायक ठरते. कायदा सिद्ध निदान मागत नाही. त्याला संशय पुरतो. व्यवहारात मात्र पुराव्याअभावी नोंदच होत नाही, आणि नोंद नाही म्हणून आजारही नाही, असे उलटे तर्कशास्त्र रूढ झालेले दिसते.

गोध्रा परिसरातील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मध्य प्रदेशातील अलीराजपूर, झाबुआ व धार या जिल्ह्यांतील आदिवासी तेथे कामाला जात आणि दम लागू लागला की गावी परतत. काम गुजरातेत, खोकला मध्य प्रदेशात! सिलिकोसिस व क्षयरोग यांची लक्षणे सारखी, क्ष-किरण चित्रातही घोटाळा होण्याजोगी; शिवाय सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षय जडण्याचा धोका अधिक. त्यामुळे केसपेपरवर 'क्षय' लिहिणे सोपे, आणि पुष्कळदा ते अर्धसत्यही असते. ज्या धुळीने फुप्फुस निकामी केले तिचा उल्लेख मात्र त्या कागदावर येत नाही. अखेर २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गुजरात सरकारला दिला. हे मृत्यू उजेडात आले ते कलम ८९ मुळे नव्हे, तर स्वयंसेवी संघटना व राष्ट्रीय मानवी हक्क आयोग यांच्या पाठपुराव्यामुळे.

सर्व दोष डॉक्टरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कारखान्याच्या वेतनावरील डॉक्टराने मालकाविरुद्ध पत्र लिहावे, ही अपेक्षा धाडसाचीच म्हणावी लागेल. परंतु सरकारी दवाखान्यातील डॉक्टरापुढे ती अडचण नाही. रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारावा, असे रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली लिहून ठेवले. तेवढा एक रकाना केसपेपरवर छापून तो भरणे सक्तीचे केले, तर कलम १२ मधील 'वाटणे' कशावरून, हे निदान विचारता येईल.