वारिवर्गाच्या काठाने

पावसाळ्यात बातम्यांमध्ये 'नदीने पात्र सोडलं' हे शब्द रोज कानावर पडतात. नदीला पात्र का म्हणायचं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात मी शोधत होतो 'तीर'. तिथे कोशकर्ता अमरसिंह काठाची पाच नावं देतो. मग पलीकडचा काठ तो 'पार' आणि अलीकडचा तो 'अवार', असा भेद करतो आणि पुढच्याच पावलाला सांगतो की या दोहोंच्या मधलं ते 'पात्र'. मी जो शब्द शोधत नव्हतो, तो शोधलेल्या शब्दाच्या शेजारी बसलेला होता.

अकारविल्हे कोशात हे घडत नाही. तिथे 'पाणी'च्या जवळपास 'पाणिग्रहण' येतं आणि दोघांचं नातं केवळ अक्षराचं असतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मी रोज उघडतो, त्याच्यावाचून माझं पान हलत नाही. पण तो उघडायचा तर शब्द आधी ठाऊक हवा. वस्तू डोळ्यांसमोर आहे आणि नाव जिभेवर येत नाही, तेव्हा विषयवार रचलेला कोशच हाताशी लागतो. असे कोश मी जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हटकून शोधतो. पण वाचायला बसावं असा त्यांतला एकच, अमरकोश.

त्याचं खरं नाव 'नामलिंगानुशासन'. सुमारे दीड हजार श्लोक आणि तीन कांडं. पहिल्यात स्वर्ग, व्योम, दिशा, काळ यांपासून खाली पाताळ, नरक आणि पाणी. दुसऱ्यात भूमी, नगर, डोंगर, वनस्पती, पशू आणि माणूस. तिसऱ्यात विशेषणं, अनेकार्थी शब्द, अव्ययं. यातला क्रमही बोलतो. पहिल्या कांडाच्या पहिल्याच वर्गात देव आणि असुरांच्या नावांनंतर बुद्धाची नावं येतात, ब्रह्मा-विष्णूच्याही आधी. अमरसिंह बौद्ध होता या परंपरेला या एका जागेचा मोठा आधार आहे.

पण रसिकाने मुक्काम करावा तो पहिल्या कांडाच्या शेवटी, वारिवर्गात, म्हणजे पाण्याच्या वर्गात. सुरुवात समुद्रापासून. मग पाण्याची सत्तावीस नावं. सलिल, तोय, नीर, उदक, अंबु ही ओळखीची. त्यांतच 'वन' आहे, 'कमल' आहे, ढगाचं फूल म्हणून 'मेघपुष्प' आहे आणि 'जीवन'ही आहे. आपल्या राज्यात पाणीपुरवठ्याच्या योजना राबवणारी सरकारी संस्था महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आहे. त्या नावातलं 'जीवन' हे असं अमराच्या यादीत बसलेलं आहे.

पाण्यानंतर लाट. लाटेनंतर मोठी लाट म्हणजे 'कल्लोल', मग भोवरा, मग थेंब, मग काठ. काठावरून पात्र, पाण्याने वेढलेलं बेट, पाण्यातून वर आलेलं पुलिन, वाळूचा सैकत, चिखल. पुढे आटलेल्या नदीत खणलेला खड्डा, 'कूपक'. आपल्याकडे उन्हाळ्यात बायका वाळू उपसून ज्यातून वाटीवाटीने पाणी भरतात, तो झिरा. लगेच 'नाव्य', म्हणजे नावेवाचून ओलांडता येत नाही इतकं पाणी. झिऱ्याशेजारीच नावेचं पाणी ठेवणाऱ्याने नदी बारा महिने पाहिली असली पाहिजे.

'नाव्य' आल्यावर नाव येणारच. नाव, तराफा, उतरणावळ म्हणून द्यायचा 'आतर', लाकडी द्रोणी. ही द्रोणी आपल्या खेड्यांत डोणी होऊन गुरांना पाणी पाजते आहे. मग दर्यावर्दी व्यापारी, आणि त्याच्या पाठोपाठ सुकाणू धरणारा 'कर्णधार'. क्रिकेटच्या बातमीत हा शब्द वाचताना कुणाला पाणी आठवत नाही. पण अमराने त्याला नावेतच बसवलं आहे, आणि पुढे डोलकाठी, वल्हं, सुकाणू, नावेत शिरलेलं पाणी उपसायचं भांडं असं एकेक सामान त्याच्याभोवती मांडलं आहे. डोलकाठीचंही नाव 'कूपक'च. एकच शब्द दोन ठिकाणी, दोन अर्थांनी. अर्थ सांगावा लागत नाही, शेजार सांगतो.

नावेनंतर नितळ पाणी, गढूळ पाणी, अथांग पाणी. मग कोळी, जाळं, गळ, मासळीची टोपली. मग मासे, कासव, खेकडा. तिथून विहीर, विहिरीचा कठडा, शेजारचा गुरांचा हौद, झाडाचं आळं. मग नद्या, आणि शेवटी कमळ, त्याचे केसर, त्याचा बीजकोश. समुद्रापासून निघालेली वाट कमळाच्या बीजापाशी थांबते. पाठशाळेत मुलं जी तोंडपाठ करत ती नुसती शब्दांची यादी नव्हती, पाणवठ्याची सफर होती.

गुण सांगितले, तसा दोषही सांगितला पाहिजे. विषयवार रचनेत रचणाऱ्याचा समाज उतरतो. दुसऱ्या कांडात माणसांची विभागणी ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र अशा वर्गांनी आहे आणि कारागिरांची हत्यारं शूद्रवर्गात गेली आहेत. ही उतरंड मला खुपते. पण हातात धरावेत असे शब्द नेमके तिथेच आहेत. करपत्र, कर्तरी, भस्त्रा, मूषा, आरा. हेच आपले करवत, कात्री, भाता, मूस, आरी. सुताराने, लोहाराने, सोनाराने आणि चांभाराने हे शब्द बोलून बोलून घासले आणि आपल्या हाती दिले.

आणखी एक अडचण. अनेक अर्थांचा शब्द कुठल्या फळीवर ठेवायचा? अमरसिंहाने नानार्थवर्गात विषय सोडला आणि शब्द शेवटच्या व्यंजनाप्रमाणे लावले, आधी 'क'कारान्त, मग 'ख'कारान्त. पीटर मार्क रोजे या इंग्रज वैद्याने १८५२ साली हजार कल्पनांखाली शब्द लावून थिसॉरस छापला, तेव्हा त्यानेही शेवटी अकारविल्हे सूची जोडलीच. दोन्ही वाटा लागतात. पण रोजेची सुरुवात अस्तित्व, संबंध अशा अमूर्त कल्पनांपासून होते. तिथे शब्द मिळतो, नदी दिसत नाही. म्हणून मला अमर थोर वाटतो.

मराठी मातीत हा वारसा एकदा राज्यकारभारात आला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेला राज्यव्यवहारकोश दहा वर्गांचा आहे, आणि फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय त्यात राजवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा घरांत बसवले आहेत. गडाचं काम निघालं तर गडाचे शब्द एका जागी. कारभाऱ्यासाठी याहून सोयीची मांडणी सुचत नाही.

आता माझं मागणं, अशाच विषयवार मांडणीचं. बैलांकरवी विहिरीचं पाणी उपसणारी मोट हाकलेली माणसं अजून आपल्यात आहेत. नाडा, सोंदूर, कणा, धाव, थारोळं हे शब्द त्यांच्या तोंडी आहेत आणि विहिरींवर पंप बसल्यापासून ते रोजच्या बोलण्यातून गेले आहेत. तुमच्या घरात असे कुणी आजोबा असतील तर वही घेऊन त्यांच्याशेजारी बसा. शब्द अकारविल्हे लावू नका. बैल धावेवरून उतरतात, मोट वर येते, पाणी थारोळ्यात पडून पाटाला लागतं, त्याच क्रमाने लिहून घ्या.