यात्रावर्णनांतून गळालेली बस

आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिकांतून आणि नियतकालिकांतून यात्रावर्णन हा लेखनप्रकार आता चांगला रुजला आहे. वेळांकणी असो वा जुने गोवे, यात्रेहून परतल्यावर कोणीतरी लेखणी हाती घेतो आणि घरी राहिलेल्यांनाही तिचा लाभ करून देतो. ही प्रथा स्तुत्य आहे. तथापि असे पाच-दहा लेख सलग वाचले असता एक उणीव जाणवल्यावाचून राहत नाही. पहिल्या परिच्छेदात फादर बसवर पवित्र पाणी शिंपडतात, जपमाळेला आरंभ होतो. आणि दुसऱ्या परिच्छेदात बस तीर्थस्थानाच्या दारात उभी असते! पुढे चर्चचा इतिहास, वेदीचे वर्णन, मिस्सा आणि अखेरीस आत्मिक समाधान. मधले शेकडो किलोमीटर, जागून काढलेली रात्र आणि पन्नास सहप्रवासी यांचा मात्र पत्ता लागत नाही.

ही उणीव केवळ तपशिलाची नाही. बस गाळली की सामूहिक यात्रेतील समूहच गळून पडतो. संत फ्रान्सिस झेवियर यांचे निधन ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर झाले, त्यांचे पवित्र अवशेष बॉम जेझू बॅसिलिकात आहेत, ही माहिती कोणत्याही पुस्तिकेत मिळते. पनवेल सोडल्यावर गाण्यांचा सूर कोणी धरला, कशेडी घाटात कोणाला मळमळू लागले आणि तिच्यासाठी खिडकीजवळची जागा कोणी सोडली, हे मात्र त्या बसमधला लेखकच सांगू शकतो. जे फक्त त्यालाच ठाऊक आहे तेच तो सांगत नाही, हा या लेखनावरील माझा मुख्य आक्षेप आहे.

वास्तविक आपल्या श्रद्धेचे मूळ ग्रंथ वाटेला असे वगळत नाहीत. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू आईवडिलांसह वल्हांडण सणासाठी जेरुसलेमला जातो. सणाच्या विधींविषयी लूक काहीही सांगत नाही. परतीच्या वाटेवरील गोंधळ मात्र तो नोंदवतो. मुलगा सोबतच्या मंडळींत असेल अशा समजुतीने मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून जातात आणि मग नातलगांत व ओळखीच्यांत त्याचा शोध घेतात. मंडळींवर एवढा भरवसा टाकता येत होता, म्हणूनच हा प्रसंग घडू शकला.

चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाच्या एका स्त्रीने पश्चिमेकडून पवित्र भूमीची यात्रा केली आणि आपल्या भगिनींसाठी तिचा वृत्तांत लिहिला. त्याचे हस्तलिखित १८८४ साली इटलीत सापडले. त्याचा आरंभ आणि शेवट हरवलेला आहे. सीनाय पर्वताची चढण किती उभी होती, वाटेवर कोणते मठवासी भेटले, हे ती आवर्जून सांगते. जेरुसलेममध्ये ग्रीक न समजणाऱ्यांसाठी प्रवचनाचे भाषांतर केले जाई, हेही तिच्या नजरेतून सुटत नाही. सोबत कोण उभे आहे, हे तिने पाहिले होते. पुढे चौदाव्या शतकात इंग्लंडच्या चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ रचले. त्यातील यात्रिक घोड्यांवरून संत थॉमस बेकेट यांच्या समाधीकडे निघतात. परंतु ग्रंथ अपुरा राहिला आणि यात्रिक काही समाधीपाशी पोचले नाहीत. तरीही सहाशे वर्षे तो वाचला जातो, कारण वाट आणि वाटेवरची माणसे त्यात पुरेपूर आहेत.

मराठी वाचकाला तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’त (१९६४) पंढरीच्या वाटेवरील माणसे दिसतात. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात, एकत्र चालणाऱ्या व एकत्र गाणाऱ्या दिंडीत जेवणाच्या पंगती मात्र जातीनुसार वेगळ्या पडतात, हे नोंदवले. त्या नोंदीने भक्तीचा अवमान झाला नाही. उलट तिचा खरेपणा वाढला.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. बसमधले रुसवेफुगवे छापून समाजाची शोभा कशाला करावी? शंका रास्त आहे. नावे घेऊन कोणाची नाचक्की करणे हे यात्रावर्णनाचे काम नव्हेच. परंतु मार्कच्या दहाव्या अध्यायात, जेरुसलेमच्या वाटेवरच, याकोब आणि योहान उजव्या-डाव्या आसनांची मागणी करतात आणि उरलेले दहाजण संतापतात. शुभवर्तमानकाराने हे दडवले नाही, कारण सेवेविषयीची प्रभूची शिकवण त्या तक्रारीतूनच पुढे येते. मागल्या चाकावरच्या बाकावर धक्के खात कोण बसले आणि पुढच्या जागा कोणासाठी राखून ठेवल्या होत्या, हा प्रश्न तितकाच धार्मिक आहे.

बसचालक आणि क्लीनर यांचाही विचार व्हावा. ते पुष्कळदा आपल्या धर्माचे नसतात. आपण मिस्सेला उभे असतो तेव्हा ते वाहनतळावर झोप भरून काढत असतात. आपले प्राण त्यांच्या हाती सोपवून आपण तीर्थाला पोचतो. पण लेखाच्या शेवटी आभार मानले जातात ते आयोजकांचे आणि देणगीदारांचे.

मुद्दा केवळ साहित्यिक अभिरुचीचा नाही. जुन्या गोव्यातील पवित्र अवशेषांचे दर्शन साधारणतः दर दहा वर्षांनी घडते. अलीकडचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. आधीच्या सोहळ्यांना शिदोरी बांधून गेलेली आपली वडीलधारी माणसे एकेक करून निघून जात आहेत. त्यांनी पाहिलेली चर्चे आजही उभी आहेत. त्यांनी केलेला प्रवास मात्र कोठेही नोंदलेला नाही. घरात अशी आजी वा आजोबा असतील, तर त्यांना आधी वाटेविषयी विचारावे आणि ते सांगतील तसे लिहून घ्यावे. वेळांकणीच्या पुढच्या बसमध्ये जो कोणी वही घेऊन बसेल, त्यानेही तिची पाने तीर्थस्थानासाठी कोरी ठेवू नयेत. बस सुटताच लिहू लागावे.