ओपन ट्यूनिंग: तार चढवायची की उतरवायची?

गिटारच्या शिकवण्यांमध्ये ओपन ट्यूनिंगचा धडा येतो तेव्हा बहुधा एक तक्ता समोर ठेवला जातो: ओपन डी, ओपन ई, ओपन जी, ओपन ए. सहा तारांपुढे सहा स्वर लिहिलेले, आवडेल ते निवडा आणि लावा. माझा आक्षेप या तक्त्यालाच आहे. कुठली तार मूळ जागेवरून खाली येते आणि कुठली वर जाते, हे त्यात दिसतच नाही. वाद्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट नेमकी तीच आहे.

गिटार न वाजवणाऱ्यांसाठी दोन ओळी. नेहमीच्या लावणीत जाड सहाव्या तारेपासून बारीक पहिल्या तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई असे स्वर असतात. कुठेही बोट न ठेवता सगळ्या तारा छेडल्या तर त्यातून सरळ कॉर्ड निघत नाही. खुंट्या फिरवून तारा अशा लावल्या की मोकळ्या छेडल्यावरच कॉर्ड वाजेल, तर ते ओपन ट्यूनिंग. ओपन डी मध्ये डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. म्हणजे तळाशी सा, प, सा. तानपुरा ऐकत वाढलेल्या कानांना ते लगेच ओळखीचं का वाटतं, हे वेगळं सांगायला नको.

आता थोडं भौतिकशास्त्र, घाबरू नका. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, वजन आणि ताण. लांबी आणि वजन तेच ठेवलं तर ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. स्वर एका सप्तकाने वर न्यायचा तर चौपट ताण लागेल. एका सेमीटोनला साधारण १२ टक्के, दोन सेमीटोनला २६ टक्के. उलट दोन सेमीटोन खाली आलात तर ताण सुमारे २१ टक्क्यांनी उतरतो.

स्टीलच्या तारांच्या नेहमीच्या 'लाइट' सेटचा (१२ ते ५३ गेज) नेहमीच्या लावणीतला एकूण ताण साधारण ७४ किलो वजनाइतका असतो. एक प्रौढ माणूस त्या पातळ लाकडी फळीवर चिकटवलेल्या ब्रिजला कायम लोंबकळतोय असं समजा. आता तक्त्यातली ट्यूनिंग्ज या नजरेने पाहू. ओपन जी मध्ये सहावी, पाचवी आणि पहिली तार दोन-दोन सेमीटोन उतरतात, बाकीच्या तिन्ही जागेवर राहतात. एकूण ताण ६७ किलोच्या आसपास येतो. ओपन डी मध्ये चार तारा उतरतात, एकही चढत नाही; ताण ६६ च्या आसपास. ओपन ई मध्ये मात्र पाचवी आणि चौथी दोन सेमीटोन चढतात, तिसरी एक. ताण ८३ किलो. ओपन ए मध्ये चौथी, तिसरी, दुसरी अशा तिन्ही दोन-दोन सेमीटोन वर, आणि ताण ८४.

म्हणजे एकाच तक्त्यात शेजारी बसलेल्या ओपन डी आणि ओपन ई मध्ये जवळपास १७ किलोंचा फरक आहे. आणि गंमत अशी की दोन्हींतली बोटं सारखीच पडतात! ओपन ई म्हणजे दोन सेमीटोन वर उचललेला ओपन डी, दुसरं काही नाही.

मग ओपन ई लावल्यावर गिटार मोडते का? चांगल्या स्थितीतली स्टील-स्ट्रिंग गिटार लगेच मोडत नाही. ८३ किलो हा ताण साधारणपणे जाड 'मीडियम' सेट नेहमीच्या स्वरात लावल्याइतका आहे, आणि पुष्कळ गिटारी तो सहन करतात. पण ज्या गिटारचा ब्रिज मागच्या बाजूने किंचित उचलला गेलाय, ज्याची पुढची फळी फुगलीये, जी पावसाळाभर बिनकेसची भिंतीवर टांगलेली होती, तिच्यासाठी हे नऊ-दहा किलो जास्तीचे आहेत. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाची कड शिरते का बघा. शिरत असेल तर चढवायचा विषयच नको. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा लावणं तर कुठल्याच ट्यूनिंगमध्ये करू नका. तिची बांधणी याच्या जेमतेम निम्म्या ताणासाठी असते.

तार तुटण्याबद्दलही एक गैरसमज आहे. बारीक तार आधी तुटणार, असं आपण धरून चालतो. साध्या, न गुंडाळलेल्या स्टीलच्या तारेचं गणित केलं तर जाडी त्यातून चक्क निघून जाते. जाड तारेला जास्त ताण लागतो, पण तो पेलायला धातूही त्याच प्रमाणात जास्त असतो. तुटण्याचा स्वर ठरतो तो तारेच्या लांबीवर आणि स्टीलच्या ताकदीवर. गिटारच्या सुमारे ६५ सेंटिमीटर लांबीला ती मर्यादा पहिल्या तारेच्या ई पासून साधारण चार-पाच सेमीटोन वर येते. दुसरी तार त्या मर्यादेपासून कितीतरी खाली असते, म्हणून तिला बी वरून सी वर नेलं तर काही बिघडत नाही. खरी काळजी तिसऱ्या तारेची. ती गुंडाळलेली असते. वरचं कांस्याचं वेष्टण फक्त वजन वाढवतं, ताण पेलतो तो आतला बारीक गाभा. ओपन ए मध्ये आपण नेमकी तीच तार २६ टक्के जास्त ओढतो. तार चढवताना चेहरा वाद्यावर वाकवू नका, हे सांगायचं कारण हेच.

या सगळ्यातून वाट कशी काढायची याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उत्तर एका रेकॉर्डमध्ये आहे. निक ड्रेक या इंग्लिश गायकाचा 'पिंक मून' हा अल्बम १९७२ साली आला. जेमतेम २८ मिनिटांचा. एक आवाज, एक अकूस्टिक गिटार, आणि शीर्षकगीतात मध्येच थोडासा पियानो. बस्स. शीर्षकगीताची लावणी वादकांनी कानाने शोधून काढली आहे: सी, जी, सी, एफ, सी, ई, आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो. गणित करून पाहा. सहावी तार चार सेमीटोन खाली, पाचवी, चौथी, तिसरी दोन-दोन खाली, दुसरी एक वर, पहिली जागेवर. एकूण ताण ६२-६३ किलो. मग कॅपो लावून सगळं दोन सेमीटोन वर. कॅपो तारेची वाजणारी लांबी कमी करतो. ताण जवळजवळ तोच राहतो. ऐकणाऱ्याला स्वर वर गेलेला मिळतो, ब्रिजला त्याचा पत्ताही लागत नाही. ओपन ई हवाय? ओपन डी लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो. ओपन ए साठी तसंच ओपन जी.

पण या रेकॉर्डला नुसता 'सुरक्षित उपाय' म्हणणं अन्याय होईल. उतरलेली तार वेगळी वाजते. जोरात छेडलं की तार क्षणभर ताणली जाते, आणि ताण मुळातच कमी असेल तर स्वर त्या क्षणी ठळकपणे चढा लागून मग खाली बसतो. सैल लावणीत वाजवणारे बरेच जण इथे फसतात; खर्ज नुसता डगमगत राहतो. ड्रेकचा अंगठा ऐका. तो जोर लावत नाही. प्रत्येक आघात मोजून तेवढाच, म्हणून सहावी तार साडेसात किलोपर्यंत सैलावलेली असूनही खर्ज जागेवर राहतो. 'पिंक मून'ला पुष्कळजण उदास, एकाकी, खचलेला वगैरे म्हणतात. ड्रेक १९७४ मध्ये, २६ व्या वर्षी गेला, त्याची सावली त्या मतावर पडलेली असते. माझं मत विचाराल तर या अल्बममधली गिटार खचलेल्या माणसाची अजिबात वाटत नाही. इतक्या सैल तारांवर इतका ताबा हे शुद्ध शिस्तीचं काम आहे.

सैल तारांची किंमतही असते. ताण कमी झाला की गिटारची मान थोडी सरळ होते, तारा फ्रेटच्या जवळ येतात आणि खरखर सुरू होते. इलाज म्हणजे जाड तार. दोन सेमीटोन खाली तोच ताण हवा असेल तर जाडी साधारण १२ टक्के वाढवावी लागते, ५३ ऐवजी ५९ किंवा ६०. आपल्याकडे तानपुऱ्यात हे शहाणपण जुनंच आहे. गायकाऐवजी गायिका बसली तर पुरुषी तानपुऱ्याच्या तारा काळी चारपर्यंत ताणत नाहीत. लहान, बायकी तानपुरा घेतात. मात्र एकदा जाड तार घातलीत की ती परत नेहमीच्या ई वर चढवू नका. तिथे ती २६ टक्के जास्त ओढेल.

लावतानाचा क्रम: ज्या तारा उतरायच्या त्या आधी उतरवा, चढायच्या नंतर चढवा. उतरवताना हव्या स्वराच्या थोडं खाली जाऊन मग वर या, म्हणजे खुंटीच्या दात्यांतली ढिलाई निघून जाते आणि तार वाजवता वाजवता उतरत नाही. मध्येच 'टिंग' असा आवाज आला तर तार नटच्या खाचेत अडकते आहे; खाचेत शिसपेन्सिल फिरवा. आणि सहाही लावून झाल्या की पुन्हा पहिल्यापासून बघा. चार तारा उतरवल्यावर मान थोडी मागे गेलेली असते, त्यामुळे ज्यांना हातही लावला नव्हता त्या तारा किंचित चढलेल्या सापडतात.