रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्स : परीक्षा भक्कम, पाया ठिसूळ

लंडनच्या कॉर्नहिल भागातील सेंट मायकेल चर्चचे ऑर्गनवादक रिचर्ड लिम्पस यांच्या पुढाकाराने १८६४ मध्ये ऑर्गनवादकांची ही संघटना उभी राहिली. १८६६ पासून तिने परीक्षा सुरू केल्या आणि १८९३ मध्ये तिला राजसनद मिळाली. परीक्षा घेणे आणि पेशाचा दर्जा राखणे हेच तिचे मूळ काम. चर्चमधली नेमणूक तोवर बरीचशी ओळखीपाळखीवर आणि स्थानिक कारभाऱ्यांच्या मर्जीवर होत असे. त्या कारभारात पहिल्यांदाच एक तटस्थ मोजपट्टी आली.

ही मोजपट्टी कडक आहे. कलीग, असोसिएट आणि फेलो अशा चढत्या श्रेणींत ठरलेल्या रचना वाजवून भागत नाही. समोर आलेली अनोळखी संहिता तिथल्या तिथे वाजवणे, तीच दुसऱ्या पट्टीत नेणे, दिलेल्या सुरावटीला स्वरसंवाद बांधणे, आयत्या वेळी रचना फुलवणे, शिवाय लेखी परीक्षा. त्यात पायांचेही काम आले : मराठी रंगभूमीवरच्या ऑर्गनला वादकाचे पाय भात्यातून हवा पुरवतात; पाइप ऑर्गनमध्ये मात्र पायांना स्वतःची पट्टी असते आणि तिच्यावर खर्जाची स्वतंत्र ओळ वाजवावी लागते. हे सगळे रविवारच्या उपासनेत खरोखर लागते, म्हणून ही परीक्षा पुस्तकी म्हणता येत नाही. तिची मर्यादा वेगळी आहे : ती इंग्लंडच्या चर्चची गरज समोर ठेवून घडली आणि ते चर्चच आता आक्रसत चालले आहे.

संस्थेच्या घराची कथाही अशीच अस्थैर्याची आहे. १९०४ पासून ती रॉयल अल्बर्ट हॉलशेजारी केन्सिंग्टन गोर येथे होती. मुळात दुसऱ्या संगीतशाळेसाठी बांधलेल्या त्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर वादकांची लांबलचक चित्रमाला आहे. तीत ऑर्गनवादक तेवढा नाही! १९९१ च्या सुमारास ते घर सुटले, मग होबर्नच्या सेंट अँड्र्यू चर्चमध्ये मुक्काम झाला. बर्मिंगहॅमच्या जुन्या कर्झन स्ट्रीट स्थानकात जाण्याचा बेत पैशांअभावी बारगळला. केन्सिंग्टन गोरच्या त्या जुन्या घराशेजारच्या अल्बर्ट हॉलमध्ये मात्र ९,९९९ नळ्यांचे वाद्य दिमाखात उभे आहे.

पेशाचा दरवाजा स्त्रियांसाठी फार हळू उघडला. ऑर्गनवादक जिलियन वीअर १९९४ मध्ये संस्थेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या, म्हणजे स्थापनेनंतर १३० वर्षांनी. अलीकडे तरुण ऑर्गनवादक अ‍ॅना लॅपवूड यांनी समाजमाध्यमांवरून आणि चित्रपटसंगीताच्या वादनातून जो तरुण श्रोता ऑर्गनकडे वळवला, तो परीक्षेच्या वाटेने आलेला नाही. संस्थेने ही गोष्ट गांभीर्याने घेतली पाहिजे.

खरी अडचण सरावाची आहे. पियानो घरी ठेवता येतो, पाइप ऑर्गन नाही. विद्यार्थ्याला चर्चची किल्ली आणि थंडीत तासन्‌तास बसण्याची तयारी, दोन्ही हव्यात. चर्च बंद पडले की त्यातले वाद्य आणि शिकण्याची जागा एकदमच जाते. त्यात अनेक ठिकाणी वादकाचे काम अर्धवेळ आणि तुटपुंज्या मोबदल्याचे. संस्था वर्ग, शिबिरे आणि शिष्यवृत्त्यांतून वाट काढते आहे, पण तिची खरी ताकद अजूनही प्रमाणपत्रातच आहे. फेलो ही पदवी आजही खणखणीत आहे; तिच्यापर्यंत पोचू शकणारे विद्यार्थी घडवण्याची सोय मात्र तितकी खणखणीत नाही.