ऑक्सफर्डचा डोडो : आख्यायिका, नोंद आणि वस्तु

अस्सल पत्र आणि मागाहून लिहिलेली बखर यांत तारतम्य ठेवलें पाहिजे, हें इतिहाससंशोधकांस आतां नव्यानें सांगावयास नको. परंतु वस्तुसंग्रहालयांतील वस्तूंविषयीं लिहितांना हें तारतम्य पुष्कळदां सुटतें. वस्तु डोळ्यांपुढें आहे, म्हणून तिच्याविषयीं सांगितली जाणारी गोष्टहि खरी, असें धरून चालण्याकडे मनाचा कल होतो. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास-वस्तुसंग्रहालयांतील डोडो पक्ष्याचे अवशेष हें याचें ठळक उदाहरण आहे. मॉरिशस बेटावरील ह्या नष्ट झालेल्या पक्ष्याचें एक डोकें व एक पाय तेथें आहेत. मांसकातडीचा अंश शिल्लक राहिलेलें डोडोचें डोकें जगांत हें एवढेंच. इतरत्र दिसणारे सांगाडे बहुतेक १८६५ नंतर मॉरिशसमधील मार ओ सोंज नांवाच्या दलदलींत सांपडलेल्या सुट्या हाडांचे जुळविलेले आहेत. अशा एकमेव वस्तूविषयीं रूढ झालेल्या कथा पुराव्यास कितपत उतरतात, हें येथें पाहावयाचें आहे.

प्रथम वस्तूची परंपरा पाहूं. लंडनजवळ लॅम्बेथ येथें जॉन ट्रेडस्कँट नांवाच्या पितापुत्रांनीं देशोदेशींच्या दुर्मिळ वस्तूंचा संग्रह केला होता. त्याची छापील याद १६५६ सालीं निघाली. तींत पक्ष्यांच्या सदरांत मॉरिशसच्या डोडोची नोंद आहे. १६६२ सालीं धाकटा ट्रेडस्कँट वारल्यावर संग्रह एलायस ॲशमोल याच्याकडे गेला. त्यानें तो विद्यापीठास दिला व १६८३ सालीं ॲशमोलियन वस्तुसंग्रहालय उघडलें. पुढें १८६० च्या सुमारास विद्यापीठानें सृष्टिशास्त्रांसाठीं नवी इमारत उभारली, तेव्हां इतर प्राण्यांबरोबर डोडोचे अवशेषहि तेथें आले. एवढी साखळी लेखी आधारांवर उभी आहे.

आतां आख्यायिका. १७५५ सालीं संग्रहालयाच्या निरीक्षकांनीं कसर लागलेला हा पक्षी जाळण्याचा हुकूम दिला, पक्षी आगींत पडला, आणि कोणा जाणत्या माणसानें ऐन वेळीं हात घालून डोकें व पाय तेवढे ओढून काढले, अशी ही कथा आहे. तिचा गाजावाजा एकोणिसाव्या शतकांत झाला व तेव्हांपासून ती पुस्तकांमागून पुस्तकांत उतरली. पण मूळ कागदांत काय आहे? १७५५ च्या जानेवारींत निरीक्षकांनीं जीर्ण वस्तूंची पाहणी करून त्या काढण्याविषयीं ठराव केला, इतकें दफ्तरावरून दिसतें. आगीची हकीकत मागाहूनची आहे. ॲशमोलियनच्या इतिहासाचे अभ्यासक आर. एफ. ओव्हेनेल यांनीं १९९२ सालीं हें प्रकरण तपासून, पक्षी अविचारानें जाळला गेला नाहीं, कुजलेल्या शरीरांतून जें टिकण्यासारखें होतें तें राखलें गेलें, असा निर्णय दिला. तो मान्य करण्यास आम्हांस अडचण दिसत नाहीं.

तरी निरीक्षक सर्वस्वीं दोषमुक्त होतात असें नाहीं. दोष निराळ्या ठिकाणीं आहे. ॲशमोलनें १६८६ सालीं घालून दिलेल्या नियमांत, एखादी वस्तु जीर्ण झाल्यास ती काढून बाजूच्या कोठींत ठेवावी व तिच्या जागीं दुसरी मांडावी, अशी तरतूद होती. नियम वरकरणीं शहाणपणाचा आहे. पण नाश पावणाऱ्या प्रत्येक वस्तूला बदली मिळते, हें गृहीत त्याच्या पोटीं आहे. जिवंत डोडो पाहिल्याची सामान्यतः मान्य असलेली अखेरची नोंद १६६२ ची आहे; म्हणजे १७५५ पूर्वीं सुमारें एक शतक हा पक्षी पृथ्वीवरून गेला होता. जिची बदली मिळणें शक्य नव्हतें अशी वस्तु बदलतां येणाऱ्या वस्तूंच्या नियमानें मोजली गेली, हा खरा अनर्थ. आगीच्या कथेनें तो झांकला जातो. कारण कथेंत एक मूर्ख व एक शहाणा सांपडला कीं वाचकाचें समाधान होतें व नियमाकडे कोणी पाहात नाहीं.

जें वांचलें त्यानें मात्र पुढें अनेकदां साक्ष दिली. १८४७ सालीं या डोक्याचें शवच्छेदन झालें. १८४८ सालीं स्ट्रिकलंड व मेलव्हिल यांनीं आपल्या ग्रंथांत डोडो हा कबूतरांच्या कुळांतला, हें सप्रमाण मांडलें. २००२ सालीं ऑक्सफर्डच्या नमुन्यांतून काढलेल्या आनुवंशिक द्रव्यावरून, हयात पक्ष्यांत निकोबारी कबूतर त्याचें सर्वांत जवळचें, असें ठरलें. २०१८ सालीं वॉरिक विद्यापीठांत क्ष-किरणांनीं डोकें तपासतांना कवटींत शिशाचे छर्रे दिसले. १६३८ सालीं सर हॅमन लेस्ट्रेंज यानें लंडनमध्यें पैसे घेऊन दाखविला जाणारा जिवंत डोडो पाहिला होता. तोच पुढें मरून ट्रेडस्कँटकडे आला, असा तर्क रूढ होता. मागून छर्रे मारलेल्या पक्ष्याशीं हा तर्क जुळविणें आतां कठीण झालें आहे. त्याच संग्रहालयांत यान सॅव्हरी यानें १६५१ सालीं काढलेलें डोडोचें चित्रहि आहे. तें कितीहि जपलें असतें तरी यांतील एकहि गोष्ट त्यानें सांगितली नसती.

ह्या पक्ष्याचा संबंध आपल्या देशाशींहि येतो, आणि तेथेंहि असाच घोटाळा झाला आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर पीटर मंडी यानें सुरतेस दोन डोडो पाहिल्याचें लिहून ठेवलें आहे. त्याचें हस्तलिखित ऑक्सफर्डच्याच बोडलियन ग्रंथालयांत असून, रिचर्ड कार्नक टेंपल यांनीं संपादिलेली त्याची आवृत्ति हॅक्लूट सोसायटीनें १९०७ पासून छापली. दुसरीकडे सेंट पीटर्सबर्ग येथें एक मोगल चित्र आहे. त्यांत पट्टकादंबासारख्या ओळखीच्या पक्ष्यांच्या मेळ्यांत डोडो रेखिला असून तें जहांगीराच्या पदरचा उस्ताद मन्सूर याचें मानतात. ह्या दोन साक्षी एकत्र करून, मंडीनें जहांगीराच्या पक्षिशाळेंत डोडो पाहिले, असें कित्येक लेखक बेधडक लिहितात. परंतु जहांगीर १६२७ सालीं वारला आणि मंडी सुरतेस आला तो १६२८ सालीं. शिवाय तो सुरतेच्या ‘हाउस’चा उल्लेख करतो, त्याचा सरळ अर्थ इंग्रजांची वखार असा होतो. चित्रावर चित्रकाराची सहीहि नाहीं. तेव्हां सुरतेस दोन पक्षी आले होते हें एक विधान, आणि एका मोगल चित्रकाराच्या नजरेखालून डोडो गेला होता हें दुसरें. दोहोंमधला सांधा पुराव्याचा नसून लेखकांच्या हौसेचा आहे.

या सर्वांतून आमच्या हस्तलिखित-संग्राहकांनीं घ्यावयाचा बोध उघड आहे. जीर्ण बाडाची नक्कल झाली, तें छापून निघालें, म्हणजे मूळ कागदाचें काम संपलें, ही समजूत अजून पुष्कळ ठिकाणीं आढळते. तीहि ॲशमोलच्या नियमाचीच भावंड आहे. नकलेंत अक्षर येतें. कागदाची जात, शाई, घडी, शिक्का व समासांतील परहस्ताची टीप हीं येत नाहींत, आणि उद्यांचा संशोधक त्यांनाच कोणता प्रश्न विचारील हें आज कोणीं सांगावें? म्हणून आमची विनंति अशी कीं, कसरीनें खाल्लेलें पानहि टाकूं नये. कागद ज्या रुमालांत आला तो रुमाल व त्यावरील चिठ्ठी वेगळी करूं नये. कागद कोणाकडून, कोणत्या सालीं, कोणत्या स्थितींत मिळाला हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. आणि घराण्यांतून ऐकलेली हकीकत टिपतांना ती ऐकीव असल्याचें तेथेंच नमूद करावें.