कमळ आणि डोंगर

वारंवार विमानाने जाणाऱ्यास सारे विमानतळ सारखेच भासतात : तीच काच, तीच चकचकीत फरशी, त्याच रांगा. पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळाला मात्र झाहा हदीद आर्किटेक्ट्स या संस्थेने पाण्यावर तरंगणाऱ्या कमळाचे रूप दिले आहे. पाकळ्यांसारखे स्तंभ छताचा भार लीलया पेलतात. रचना देखणी आहे, यात शंका नाही.

परंतु वास्तू ही आपल्या भूमीची साक्षीदारही असावी लागते. या भूमीचे मूळ रूप कमळाचे नव्हे. उलव्याच्या डोंगराचे, खाडीचे नि भातशेतीचे होते. विमानतळासाठी तो डोंगर कापला गेला, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला, १० गावे उठली. हा त्याग कमळाच्या प्रतीकात कोठेही उमटत नाही. येथेच ही देखणी कलाकृती उणी पडते.

२५ डिसेंबर २०२५ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, येथून प्रवासी विमाने उडू लागली. बेथलेहेमात ज्या कुटुंबाला जागा मिळाली नाही, त्याचे स्मरण करण्याचा तो दिवस. आपली मुले येथे उतरतील, तेव्हा त्यांना कमळ अवश्य दाखवावे. मात्र येथे एक डोंगर होता आणि त्याच्या पायथ्याशी माणसे राहत होती, हेही सांगावे.