'साक्षात्कारी' या विशेषणाविषयी

डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' (२०००) या ग्रंथाचे नावच विचारणीय आहे. मराठीत साक्षात्कारी असतो तो पुरुष. येथे तो मान रोगास मिळाला आहे. वयाच्या ४४व्या वर्षी झटका आलेल्या वैद्याचे हे आत्मपरीक्षण प्रांजळ आहे, यात शंका नाही. परंतु शहाणपण रोगानंतरच येते, हा आपला समज या नावाने दृढ होतो. उस्मानपुऱ्यातही 'मला बी. पी. आहे' असे म्हणतात. जणू इतरांस रक्तदाब नसतोच! मग ते तो मोजून घेत नाहीत, आणि वाढलेला रक्तदाब तर वर्षानुवर्षे लक्षणांवाचून राहू शकतो. वय, आनुवंशिकता, तंबाखू, रक्तशर्करा पाहून ज्याची त्याची तपासणी ठरवावयाची; तीत साक्षात्कार नाही, आकडा आहे. 'माझा रक्तदाब १२०-८० आहे' हे वाक्य मात्र निरोगी माणसाच्या तोंडी क्वचितच ऐकू येते.